सीताफळ थेट पुण्यातल्या शेतकरी आठवडे बाजारात विकायचंय, कुणी करतंय का?

सरीवरंबा
नमस्कार मंडळी. आम्ही पुरंदर तालुक्यातले, सासवडपासून जवळच गाव. दोन एकर सीताफळ आहे, एक एकर वडिलांनी लावलेली जुनी झाडं, त्यात गावठी आणि बाळानगर या जातींची मिसळ, आणि एक एकर नवीन गोल्डन जात, तिला आत्ता कुठं चांगला माल धरायला लागलाय. आजवर सगळा माल सासवडच्या बाजारात नाहीतर पुण्यात गुलटेकडीला मार्केट यार्डात जातो. वडील म्हणतात चाललंय ते बरं चाललंय, संध्याकाळपर्यंत पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची पावती, हातात येते, डोक्याला ताप नाही. पण मी मागच्या हंगामात पुण्यात बहिणीकडं गेलो होतो तर तिच्या सोसायटीच्या बाहेर हातगाडीवर आमच्याच भागातलं फळ, आणि भाव विचारला तर आम्हाला मिळतो त्याच्या दुपटीच्या वर, आणि फळ पण दोन नंबरचं. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

तर विचार असा आहे की येत्या बहराला आठवड्यातून दोन दिवस पुण्यात शेतकरी आठवडे बाजारात स्टॉल लावायचा, मी आणि बायको दोघं जाऊ, पिकअप गावातच भाड्यानं मिळतं. आता प्रश्न असे आहेत की एक तर तिथं बसायला परवानगी कुणाची लागते, कागद काय लागतात. दुसरं म्हणजे सीताफळ पिकलेलं न्यायचं का कच्चं, कारण पिकलेलं नेलं तर दिवे घाट उतरेपर्यंत निम्मं चेपतंय आणि कच्चं नेलं तर गिऱ्हाईक म्हणणार आज खायला पाहिजे. तिसरं, उरलेल्या मालाचं काय करायचं. आणि चौथं, आमच्याकडं फक्त सीताफळ, दुसरं काही फारसं नाही, एकाच फळावर स्टॉल चालतो का? ज्यांनी खरंच केलंय त्यांनी सांगा, यूट्यूबवर बघून सांगणारे गावात भरपूर आहेत.


खट्टामीठा
दादा आम्ही तुमच्या शेजारचेच म्हणा, अंजीरवाले. बरीच वर्षं पुण्यातल्या बाजारात बसतोय, आधी वडील, आता मी आणि भाऊ आलटून पालटून. एकेक करून सांगतो.

परवानगीचं अवघड नाही. जुलै २०१६ मध्ये सरकारनं फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त केला, म्हणजे शेतकऱ्यानं आपला माल बाहेर कुणालाही थेट विकला तर समितीचा सेस नाही की परवाना नाही. त्याच वर्षी पणन मंडळानं संत सावता माळींच्या नावानं शेतकरी आठवडे बाजाराचं अभियान सुरू केलं, पुण्यात भरतात ते बरेचसे बाजार त्यातलेच. जागा महापालिकेची नाहीतर एखाद्या संस्थेची असते आणि बाजार चालवायला शेतकऱ्यांचा गट किंवा उत्पादक कंपनी असते, तुम्हाला त्या चालवणाऱ्यांशीच बोलावं लागणार. पणन मंडळाचं ऑफिस गुलटेकडीलाच आहे, माल टाकायला जाताच तर एक दिवस तिथं जाऊन कुठला बाजार कुठल्या वारी भरतो आणि कुणाकडं आहे ते विचारून या. कागद म्हणाल तर सातबारा, आधार, बँक पासबुक. सातबाऱ्यावर पीकपाण्याला सीताफळ लागलेलं आहे का ते आधी बघा, नसलं तर ई-पीक पाहणीत नोंदवून घ्या, कारण चांगला गट असेल तर तो ते बघतोच आणि बघायलाच पाहिजे, त्यावर नंतर बोलतो.

आता पिकलेलं का कच्चं. आमच्या अंजिराला ही सोय नाही, अंजीर झाडावरच पिकावं लागतं, तोडल्यावर पिकत नाही, म्हणून आम्ही पहाटे तोडून त्याच दिवशी विकून मोकळं होतो. तुमचं फळ तोडल्यावर पिकतं, हे तुमचं भांडवल आहे ते नीट वापरा. तुम्हाला माहितीच आहे, डोळे उघडले, म्हणजे सालीवरचे फुगवटे एकमेकांपासून सुटले, आणि मधल्या खाचा पांढऱ्या-पिवळसर झाल्या की तोडायचं, मग हवामानाप्रमाणं तीन ते पाच दिवसांत तयार होतं. म्हणजे बाजार रविवारी असेल तर एकच तोडा करून भागणार नाही. बुधवारचा तोडा घरी सावलीत पाल्यात ठेवायचा, तो रविवारपर्यंत मऊ व्हायला लागतो. शुक्रवारचा तोडा रविवारी अर्धवट असतो. आणि शनिवारी संध्याकाळी तोडलेला अगदी टणक. स्टॉलवर हे तीन ढीग वेगळे लावा आणि पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहा, ‘आज खा’, ‘परवा खा’, ‘चार दिवसांनी खा’. माझा एक मित्र असंच लावतो आणि त्याच्याकडं लोक तिन्हीतले दोन-दोन मिसळून नेतात, म्हणजे एका गिऱ्हाइकाला दीड-दोन किलो आपोआप जातं. पिकलेला ढीग सगळ्यात लहान ठेवायचा, फार तर पाचवा हिस्सा. चेपण्याचं म्हणाल तर पिकलेल्या फळाला खोल क्रेट नकोच, पुठ्ठ्याचे कमी उंचीचे ट्रे घ्या, एकच थर, खाली वर सीताफळाचाच पाला. पाला दिसायलाही छान दिसतो, गिऱ्हाईक थांबतं.

आणि एक, डोळे न उघडलेलं फळ घाईनं तोडून कधी आणू नका. यार्डात ते खपून जातं कारण तिथं फळ कुणाचं ते शेवटच्या गिऱ्हाइकाला कळतच नाही. आठवडे बाजारात न पिकलेलं दगड फळ पिशवीत घालून माणूस पुढच्या रविवारी तुमच्याच समोर उभा राहतो, आणि राहायलाच पाहिजे.


कोथरूडची
मी गिऱ्हाईक म्हणून लिहितेय, चालेल ना? आमच्याकडे गांधी भवनाजवळच्या बाजारात मी नियमित जाते आणि आता निम्मी भाजी तिथूनच घेते. मला विचाराल तर मी तिथे स्वस्त मिळतं म्हणून जात नाही, बऱ्याच वेळा मंडईपेक्षा चार पैसे जास्तच जातात. मी जाते कारण समोरच्याला विचारता येतं. हे कधी तोडलं, किती दिवस टिकेल, कुठल्या भाजीत घालायचं, आणि त्याला ते खरंच माहिती असतं. सीताफळाचं तर शहरात कुणालाच काही कळत नाही हो, लोक कच्चं सीताफळ नेऊन थेट फ्रिजमध्ये टाकतात, ते काळं पडतं आणि पिकतच नाही, मग म्हणतात शेतकऱ्यानं फसवलं. तुम्ही प्रत्येक पिशवीबरोबर तोंडानं एवढं सांगितलंत की कच्चं फळ बाहेर ठेवा, कागदात गुंडाळून, मऊ झालं की मगच फ्रिजमध्ये, तरी तुमची निम्मी कटकट कमी होईल.

अजून एक म्हणजे फळावरची पांढरी पावडर. माझ्या शेजारणीला ठाम वाटतं की ती पिकवायची पावडर असते. मी तिला सांगून थकले. तुम्ही लोकांनी स्टॉलवरच हे बोलायला पाहिजे, न विचारता.

भावाबद्दल, उगाच घासाघीस करणारे असतात, नाही असं नाही, पण बहुतेकांना पाटी लावलेली असली की बरं वाटतं. ज्यांच्याकडे पाटी नसते तिथे मी थांबत नाही कारण मग माणूस बघून भाव सांगतात की काय असं वाटत राहतं. आणि कृपा करून दर आठवड्याला त्याच जागेवर बसा आणि येणार नसाल तर आधीच्या आठवड्यात सांगा. एक मावशी होत्या घेवडा आणायच्या, इतका कोवळा की शिरा काढाव्या लागायच्या नाहीत, त्या मध्येच यायच्या बंद झाल्या, कुणाला माहिती नाही कुठे गेल्या, मी अजून त्या कोपऱ्यात बघते. व्हॉट्सॲप ग्रुप करा साधा, ‘या रविवारी सीताफळ आहे’ एवढा एक मेसेज पुरतो, सकाळचे सुविचार नकोत.


वक्कल
मार्केट यार्डात गाळ्यावर दिवाणजी म्हणून बरीच वर्षं काढलेला माणूस आहे, आता सोडलं. यार्डाच्या नावानं बोटं मोडायची सध्या फॅशन आहे पण दादा तुमचे वडील जे म्हणतात त्यात दम आहे, जरा हिशोब मांडून बघा. आकडे मी समजा म्हणून धरतोय, तुम्ही तुमचे घाला.

समजा यार्डात सरासरी ४० रुपये किलो पडले आणि आठवडे बाजारात ९० नी विकलं. १०० किलो माल नेला. ९० प्रमाणं ९००० दिसतात. त्यातले १५ किलो चेपून, फुटून, चव द्यायला जाणार, ते १३५० गेले. पिकअपचं जाऊन येऊन भाडं २५०० धरा, दोन माणसांचा दिवस १२००, जागेचं भाडं आणि पिशव्या ४००. हातात राहिले ३५५०. तेच १०० किलो यार्डात पाठवले तर ४००० येतात, गावातल्या पाच जणांच्या मालाबरोबर एकाच गाडीत गेले तर भाडं-हमाली ५०० धरा, राहिले ३५००. म्हणजे दिवसभर उन्हात उभं राहून पन्नास रुपये जास्त. आता तोच हिशोब २०० किलोला करा. गाडीचं भाडं तेवढंच, माणसं तेवढीच. १८००० मधून नुकसान २७००, गाडी २५००, माणसं १२००, किरकोळ ६००, राहिले ११०००. यार्डात ८००० मधून हजार वजा, ७०००. इथं चार हजाराचा फरक पडतोय. म्हणून प्रश्न भावाचा नाहीच, एका खेपेला किती किलो खपतंय त्याचा आहे. शंभर किलोच्या आत खपणार असेल तर जाऊ नका, दोनशेच्या आसपास खपत असेल तर सोडू नका.

दुसरी गोष्ट, हंगामात तुमच्या दोन एकरांचा माल एकदम येतो. पाऊस लागून राहिला की चार दिवसांत डोळे उघडतात, तेव्हा दीड टन माल कुठल्या आठवडे बाजारात विकणार तुम्ही? तेव्हा यार्डच लागतं. तिथं कितीही आणा, रात्रीतून उचललं जातं. त्यामुळं आडत्याशी, म्हणजे यार्डात तुमचा माल विकून देणाऱ्याशी, संबंध तोडू नका, त्याला सांगून ठेवा की एक नंबर मालातला थोडा मी बाहेर विकतो, चांगला आडत्या समजून घेतो. फक्त पट्टी नीट वाचायला शिका. २०१६ पासून फळं-भाजीपाल्याची आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, खरेदीदाराकडून घ्यायची असा नियम आहे. पट्टीवर हमाली, तोलाई असते ती समजू शकतो, पण आडत कापलेली दिसली, किंवा वजनात ‘सूट’ म्हणून क्रेटमागं किलो-दीड किलो उडवलेलं दिसलं तर तिथल्या तिथं विचारायचं. शेतकरी विचारत नाही म्हणून चालतं.

आणि निवड. यार्डात एकाच वक्कलमध्ये, म्हणजे एकत्र विकायला लावलेल्या ढिगात, मोठं-लहान मिसळलं की सगळ्या वक्कलला लहानाचा भाव लागतो. तुम्ही बाजारासाठी मोठा माल काढून घेतला आणि राहिलेला तसाच पाठवला तर तिकडची पट्टी पडणार, मग घरी वाद होणार की बघ तुझ्या बाजारामुळं नुकसान झालं. म्हणून मोठं, मधलं, लहान अशा तीन प्रती घरीच करा. मोठं एकसारखं फळ दोन्हीकडं थोडं थोडं द्या. मधलं फळ बाजारात जास्त चालतं, कारण घरगुती गिऱ्हाइकाला अर्ध्या किलोची दोन फळं नको असतात, चौघांच्या घरात चार फळं लागतात. हे यार्डातल्या माणसाला उलटं वाटतं पण तसंच आहे.


सरीवरंबा
वक्कल भाऊ हिशोब एकदम डोळे उघडणारा, वडिलांना वाचून दाखवला, ते म्हणाले हा माणूस शहाणा आहे. खट्टामीठा दादा, तीन तोड्यांचं पटलं, मजूर तेवढ्या वेळा मिळणं अवघड आहे पण बाजाराच्या मालापुरतं घरच्यांनी केलं तर जमेल.

कोथरूडच्या ताई, पांढऱ्या पावडरीचं सांगतो. सीताफळावर एक नैसर्गिक झाक असते, बोट फिरवलं की पुसली जाते, ती फळाची स्वतःचीच असते, काही वाईट नाही. पण खाचांत कापसासारखं पांढरं चिकट असेल तर तो मिलीबग, पिठ्या ढेकूण. त्यानं आतला गर खराब होत नाही पण दिसायला घाण दिसतं आणि बरोबर मुंग्या येतात. आम्ही खोडाला चिकटपट्टी लावतो, मुंग्या आणि मिलीबग दोन्ही वर चढत नाहीत, तरी पावसाळ्यात थोडा येतोच. यार्डात पाठवताना ब्रशनं साफ करतो. पिकवायला आम्ही काहीही वापरत नाही, गरजच नाही, फळ आपलं आपण पिकतं.

अजून कुणी उरलेल्या मालाबद्दल सांगेल का? रविवारी संध्याकाळी चाळीस किलो मऊ फळ परत आणलं तर सोमवारी ते जनावरांपुढंच जाणार. गर काढायचं गावात बोलतात सगळे, पण करतंय कुणीच नाही.


गरवाली
ताईंनो दादांनो, आमचा बचत गट आहे, सीताफळाचा गर काढतो, तुमच्याकडं नाही, बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरातलं सीताफळ. तिकडं तुमच्यासारख्या बागा कमी, डोंगरातलं रानफळ जास्त, लहान पण गोड. गर काढण्याबद्दल जे आमचं आम्ही शिकलो ते सांगते.

पहिली गोष्ट, सीताफळाचा गर तापवायचा नाही. आंब्याचा रस आटवून ठेवतात तसं इथं चालत नाही, उष्णता लागली की कडवट होतो आणि रंग गुलाबी-तपकिरी होतो. म्हणून बासुंदी-रबडी करताना सुद्धा दूध आटवून पूर्ण गार झाल्यावरच गर घालायचा. साठवायचा तर कच्चाच गोठवायचा, उणे अठरा-वीस अंशाला. घरच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवून विक्री होत नाही, डीप फ्रीझर लागतो, आणि लाईट गेली तर काय याची सोय लागते. आमचं सगळ्यात मोठं नुकसान लाईटनंच झालेलं आहे.

दुसरी, काढायची पद्धत. फळ पूर्ण मऊ पण आंबलेलं नको, धुवायचं, पुसायचं, हातानं फोडायचं, चमच्यानं गर काढायचा, पण सालीला लागून जो रवाळ थर असतो तो खरवडायचा नाही, त्यानं चव उतरते. मग बिया वेगळ्या. हातानं बिया काढायला फार वेळ जातो, यंत्र मिळतं, पण बी फुटलं तर गर कडू आणि बी खायला चांगलं नसतं, विषारीच म्हणा, डोळ्याला तर अजिबात लागू द्यायचं नाही. म्हणून यंत्र हळू चालवायचं. हवा लागली की काळा पडायला लागतो त्यामुळं काढला की लगेच पिशवीत भरून हवा काढून सील करायचं, अर्धा किलो, एक किलो. बासुंदीवाले, आईस्क्रीमवाले, लग्नाचे केटरर घेतात, पण त्यांना वर्षभर पुरवठा पाहिजे असतो, चाळीस किलो फळांतून जो गर निघेल त्यात त्यांना रस नाही. साल आणि बिया बाजूला गेल्यावर गर निम्म्याहून कमीच राहतो, मोठ्या बियांच्या गावठी फळात तर फारच कमी. तुमच्या गोल्डनमध्ये बिया कमी, तिथं बरा निघेल, पण गोल्डनला ताजाच भाव चांगला मिळतो मग गर कशाला काढायचा.

म्हणून मी सरळ सांगते, तुम्ही दोघं नवरा-बायको शेत बघणार, बाजार करणार आणि वर गर पण काढणार, हे होणार नाही. बायकोवरच ते काम पडेल आणि रविवारी दिवसभर उभी राहून आलेली बाई रात्री चाळीस किलो फळ फोडणार का, याचा विचार करा. गावात चार-पाच बायका मिळून गट करायला तयार असतील, गावातल्या सगळ्या बागांचा मऊ माल एका ठिकाणी येणार असेल, तर करा. ताजं फळ स्वतःचं विकायला काही लागत नाही पण गर विकायचा तर अन्न सुरक्षेची नोंदणी काढावी लागते, छोट्यांसाठी साधी नोंदणी असते, फार खर्च नाही. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत कर्जाला जोडून ३५ टक्के अनुदान होतं, जास्तीत जास्त १० लाखापर्यंत, आत्ता अर्ज घेतात का ते तालुका कृषी कार्यालयात विचारा.

तोवर सोपा मार्ग म्हणजे उरूच न देणं. शेवटच्या तासाला ‘आज खा’ ढिगाचा भाव उतरवा आणि जवळच्या मस्तानीवाल्याशी, ज्यूसवाल्याशी आधीच बोलून ठेवा की संध्याकाळी मऊ माल तुला देईन. त्याला त्याच रात्री लागतोच.


खट्टामीठा
गरवाली ताईंचं शेवटचं एकदम बरोबर, आम्ही पण फुटलेली अंजिरं अशीच देतो, बाजाराच्या जवळच्याच एका दुकानात.

आता एकाच फळावर स्टॉल चालतो का. चालतो, पण हंगामापुरता, आणि हंगाम संपला की लोक तुम्हाला विसरतात, पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. जुन्या झाडांना पाणी लवकर सोडलं तर उन्हाळी बहराचा माल जून-जुलैला सुरू होतो, पावसावरचा माल दसरा-दिवाळीच्या आसपास, आणि गोल्डन त्याच्याही मागून येते, फळ उलत नाही, म्हणजे तडकत नाही, झाडावर थांबतं. म्हणजे तुमच्याकडं जुनं आणि नवं दोन्ही आहे ते दोन एकर गोल्डन असण्यापेक्षा बाजारासाठी जास्त चांगलं आहे, चार-पाच महिने तुम्ही सलग दिसू शकता. फक्त सगळ्या झाडांचं पाणी एकदम बंद करू नका आणि एकदम चालूही करू नका, ओळीनं पुढंमागं करा.

आणि एकट्यानं जाऊ नका. आम्ही चौघं मिळून एक स्टॉल चालवतो, चौघांची चार पिकं. पावसाळ्यात पुरंदरचा वाटाणा आणि घेवडा, मग सीताफळ, थंडीत पेरू आणि आमचं खट्टा बहराचं अंजीर, उन्हाळ्याकडं मीठा बहर. गाडी एक, जागा एक, काटा एक, दर आठवड्याला दोन जण जातात, दोन जण शेतात राहतात. वक्कल भाऊंनी जो २०० किलोचा हिशोब मांडला तो असा भरून निघतो, शंभर किलो सीताफळ आणि शंभर किलो बाकीचं. आणि वाटाणा घ्यायला आलेली बाई सीताफळ घेऊन जाते. पैशाचा हिशोब मात्र रोजच्या रोज, प्रत्येकाच्या मालाची वही वेगळी आणि फोनवर येणारे पैसे एकाच खात्यात येऊन दुसऱ्या दिवशी वाटप. हे लांबणीवर टाकलेले गट मी मोडताना बघितलेत, भावाभावांचे सुद्धा.

आता ज्यावर नंतर बोलतो म्हणालो ते. या बाजारांना सगळ्यात मोठा धोका बाहेरून नाही, आतूनच आहे. सकाळी यार्डातून क्रेट उचलायचे, अंगात मळका शर्ट घालायचा आणि शेतकरी म्हणून बसायचं, असे लोक शिरतात. त्यांच्याकडं बारा महिने सगळंच असतं, मे महिन्यात फ्लॉवर पण आणि सफरचंद पण. गिऱ्हाइकाला सोयीचं वाटतं, सगळं एका जागी मिळतं. पण मग खरा शेतकरी, ज्याच्याकडं तीनच जिनसा आहेत, तो कमी पडतो आणि यायचा बंद होतो. कोथरूडच्या ताईंच्या घेवडेवाल्या मावशींचं काय झालं मला माहिती नाही, पण असं झालेलं मी दुसऱ्या एका बाजारात बघितलंय, आणि आज तो बाजार नावालाच शेतकऱ्यांचा आहे. व्यापाऱ्यांबद्दल राग नाही, त्यांनी व्यापारी म्हणून बसावं, मंडईत जागा आहे. म्हणून म्हटलं की सातबारा बघणारा गट शोधा. आणि आमच्या गटात अजून एक नियम आहे, कुणाच्याही शेतावर कधीही न सांगता दोघं जाऊन बघणार. पहिल्यांदा लोकांना अपमान वाटला, आता कुणाला वाटत नाही.


कोथरूडची
हे वाचून बरं वाटलं आणि वाईट पण. आम्ही गिऱ्हाइकं पण त्याला जबाबदार आहोत, खरं आहे. उन्हाळ्यात येऊन सीताफळ का नाही विचारणारे मी स्वतः ऐकलेत. सरीवरंबा दादा, तुम्ही स्टॉलवर एक कागद लावाल का, कुठल्या महिन्यात तुमच्या गटाकडे काय असतं ते? मी तो घरी फ्रिजवर लावेन. आणि शेत बघायला शहरातून कुणाला यायचं असेल तर चालतं का ते पण कळवा, सासवड काही लांब नाही.


सरीवरंबा
चालतं ताई, तोड्याच्या दिवशी या म्हणजे डोळे उघडलेलं आणि न उघडलेलं फळ शेजारी शेजारी दाखवता येईल. कागदाची कल्पना घेतली.

घरी ठरलं ते सांगतो. पहिल्या वर्षी आठवड्यातून एकच दिवस, दोन नाही. शेजारचे एक वाटाण्याचे आणि एक पेरूचे शेतकरी तयार झालेत, तिसऱ्याशी बोलणं चालू आहे. बाकीचा माल नेहमीसारखा सासवड आणि यार्डात, पण तीन प्रती करून. वडिलांनी अट घातली की वही ते ठेवणार, मला ती मान्य आहे. एक शेवटचं विचारतो, काटा घरचा आहे इलेक्ट्रॉनिक, दुधासाठी घेतलेला, तो चालेल का?


वक्कल
वडिलांकडं वही, यापेक्षा चांगलं काही नाही.

काटा चालेल, पण त्यावर वैधमापनचा, म्हणजे वजनकाटे तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, शिक्का आहे का बघा. इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी पडताळणी करून घ्यावी लागते, ऑफिसला नाहीतर त्यांच्या कॅम्पला घेऊन जायचा, प्रमाणपत्र मिळतं ते स्टॉलवर दिसेल असं ठेवा. तपासणीला कुणी आलं तर दंड वाचतो. दुसरं म्हणजे डिस्प्ले गिऱ्हाइकाकडं पण पाहिजे, दुधाच्या काट्याला बऱ्याचदा एकाच बाजूला असतो. आणि पाटीचं वजन काट्यावर शून्य करून मगच फळ ठेवायचं, गिऱ्हाइकाच्या समोर, दर वेळी. बॅटरी आदल्या रात्री चार्ज करून ठेवा, मोकळ्या मैदानात प्लग कुठं शोधणार. सुट्टे पैसे पण न्या, म्हातारी माणसं अजून रोखच देतात.